वीरगळावरचं तेल

मंजण्णानं ॲसिडचा कॅन माझ्या पायाशी आणून ठेवला तेव्हा आठ वाजले होते. ऑफिसर अकराला येणार होते.

"अक्का, दगडावर स्वल्प ओत आणि ब्रश मार. बाथरूमसारखं चकचकीत पाहिजे."

मंजण्णा आमचा सुपरवायझर. बंगळूरला व्हाइटफील्डच्या एका अपार्टमेंटमध्ये मी हाउसकीपिंगला आहे. मागच्या कंपाउंडला एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. वर घोडेस्वार, खाली जुन्या कन्नडमधल्या चार ओळी. तिथं पार्किंगचा रॅम्प होणार होता, दगड उचलून टाकणार होते. तिसऱ्या मजल्यावरच्या शुभदाताईंनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात अर्ज केला. दगड संरक्षित यादीत गेला की कायद्यानं कुणाला हलवता येत नाही. त्याआधी ठसा घेतात. ओला कागद अक्षरांवर ठोकून बसवायचा, वरून शाई लावायची. अक्षरं उठली तरच अर्ज पुढे जाणार.

आणि अक्षरं दिसतच नव्हती. ते माझ्यामुळे. चार वर्षं दर मंगळवारी मी त्याला तेल-हळद लावत होते, पायाशी कापूर जाळत होते. उघड्यावरचा देव कोरडा ठेवू नये, असं आमच्या घरात मानतात. काळा थर चढला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ॲसिडनं टाइलवरचं सिमेंट कसं निघतं, ते मी रोज बघते. अक्षरं राहतील का? नाही म्हटलं तर नोकरी राहील का? मला साहेब लोकांपुढे बोलता येत नाही. "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि कॅन पंप रूममध्ये लपवला.

तेलकट समया आम्ही रिठ्याच्या पाण्यानं धुतो. कोपऱ्यावरून रिठे आणले, पॅन्ट्रीत उकळले आणि फडक्यानं पुसत बसले. दहाला घोड्याचं तोंड दिसलं. साडेदहाला पहिली ओळ.

मंजण्णा आला. "ॲसिड कुठंय?"

"संपलं."

"अख्खा कॅन? दगड प्यायला काय?"

मी मान खाली घालून पुसत राहिले.

ऑफिसर आले. कागद बसवला, शाई लावली. तीन ओळी स्वच्छ उठल्या. चौथीच्या जागी नुसते खड्डे.

"आच लागून इथले कपचे उडालेत," ते म्हणाले. "कापूर कोण जाळतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी फडकं खाली ठेवलं.

"मी, सर."

"ॲसिड तर नाही ना लावलं, अम्मा?"

"नाही. रिठे."

मंजण्णानं माझ्याकडे पाहिलं.

"तीन ओळींवर काम होईल," ऑफिसर कागद सोडवत म्हणाले. "चौथीत बहुतेक त्या वीराचं नाव होतं."

दगड यादीत गेला. रॅम्प पलीकडून वळवला. माझी नोकरी राहिली. आता दगडाभोवती साखळी आहे आणि बोर्ड आहे. तेल, हळद, कापूर, सगळ्याला मनाई. शुभदाताईंनी तो मला वाचून दाखवला. नुकसान कुणी रागानं केलं की भक्तीनं, याला कायद्यात वेगळा रकाना नाही.