ओल्या दोराचं माप

चाँद पाशा मास्तरांनी उभ्या जन्मात एका लेकरावर हात उगारला नाही, आणि तरी एका खुनाचं निमित्त गावानं त्यांच्याच माथी मारलं. निमित्त खोटं नव्हतं. मास्तरही त्याला कधी खोटं म्हणाले नाहीत.

जवळा बाजारपासून तीन कोसांवरचं गाव, साल एकोणीसशे छत्तीस. आधीचा मास्तर निरगुडीच्या फोकानं बोटं सुजवून पाढे पाठ करून घ्यायचा आणि आईबाप त्यालाच शिक्षण समजायचे. चाँद पाशांनी तो फोक चुलीत घातला. लेकरांकडून अंबाडी सोलून घेतली, दोर वळून घेतला. शाळेच्या लांब भिंतीवर गेरूच्या दोन रेघा होत्या. त्यांच्यामधलं अंतर बरोबर वीस हात, आणि दोर तेवढाच. मग गुणाकार शिकायला वर्ग बाहेर पडायचा. विहीर मोज, देवळाचा पार मोज, शेत मोज.

"इस्कूल है के रस्सीका कारखाना?" त्यांची बायको मदीनाबी विचारायची.

"दोनों," मास्तर म्हणायचे.

पहिल्या चैत्रात लेकरांनी शाळेला लागून असलेलं सटवाजीचं शेत मोजलं. रुंदी दहा दोर, दोनशे हात. आकडा गेरूनं भिंतीवर चढला. पुढच्या पौषात तेच शेत पुन्हा मोजलं. सुकी अंबाडी तळहाताला टोचते म्हणून लेकरांनी दोर रात्रभर नाल्यात भिजत घातला होता, आणि मास्तरांनी शाबासकीच दिली होती. शेत साडेदहा दोर भरलं. दोनशे दहा हात.

या खेपेला कुणीतरी दोर ढिला धरला असेल, उद्या परत मोजू, असं मास्तरांनी ठरवलं. तोवर थांबायचं की नाही? नाही थांबले. दुसरा आकडा पहिल्याशेजारी लिहून टाकला.

सटवाजीच्या पलीकडचं शेत त्याच्या चुलतभावाचं, किसनरावाचं. मधल्या हद्दीच्या धुऱ्यावरून दोघांत दहा वर्षांचं वैर. एकानं नांगराचं एक तास पलीकडं कोरायचं, दुसऱ्यानं त्याच्या बैलाचा डोळा फोडायचा, असा त्यांचा व्यवहार. किसनरावाची नऊ वर्षांची मनकर्णा शाळेत होती. पोरगी आकड्यांत हुशार. तिनं घरी जाऊन बापाला, अण्णांना, हिशोब सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली.

"काहून उशीर?" मास्तरांनी विचारलं.

"पाणी वतायला लावलं. अण्णा कुऱ्हाडीला धार लावून राहिले व्हते."

"लाकडं फोडायची?"

"न्हाई. काकाचं रान धा हात वाढलं ना. ते आमचंच हाय मनले."

मास्तरांनी खुंटीवरचा दोर ओढला. वाळलेला दोर रेघेपासून रेघेपर्यंत बरोबर बसला. मग त्यांनी पिण्याच्या पाण्याची घागर त्याच्यावर उपडी केली, आतपर्यंत मुरू दिली, आणि दोन लेकरांना टोकं धरून ताणायला सांगितलं. दोर एक हात कमी पडला. लेकरं हसली. मास्तर तो गळता दोर घेऊन अनवाणी धावत सुटले.

धुऱ्यावर पोचेपर्यंत सटवाजी गुडघ्यावर आला होता. त्याचा उजवा खांदा मानेपासून सुटला होता आणि तो डाव्या हातानं तो जागेवर दाबून धरू पाहत होता. रक्त ज्वारीच्या ताटांवर उडालं होतं.

"किसनराव, थांबा," मास्तर मधे शिरले. "जमीन वाढली नाही. दोर भिजून आटला होता. चूक माझी आहे. हा बघा."

किसनरावानं दोराकडं पाहिलं. मग सटवाजीकडं. माणूस तोडून झाल्यावर कुणी सांगावं की कारणच नव्हतं, तर ते कोण ऐकून घेईल?

"काल भिंतीवर लिवलं ते कुणाच्या हातानं?" त्यानं विचारलं.

"माझ्याच."

"मंग आज दोर आटला व्हय? ह्यानं काय दिलं तुमाला?"

"काही नाही. चला, पुन्हा मोजू."

मास्तरांनी दोर दोन्ही हातांत ताणून पुढं केला. कुऱ्हाड दोरावर आली. दोर तुटला, आणि त्याच्यासोबत मास्तरांच्या डाव्या हाताची दोन बोटं. दुसरा घाव त्यांच्यावरून जाऊन सटवाजीच्या डोक्यात बसला. हिंगोलीच्या वाटेवर तो गाडीतच संपला.

"दोराचं बोलू नका, तुमच्यावर येईल," असं परभणीच्या वकिलानं मास्तरांना बजावलं होतं. मास्तरांनी कोर्टात सगळं सांगितलं, वर पाणी मागून दोर भिजवूनही दाखवला. किसनरावाला जन्मठेप झाली. गाव मास्तरांना 'दोऱ्या' म्हणू लागलं. सटवाजीच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, भर बाजारात त्यांच्या तोंडावर शेण मारलं. त्यांनी पुसलं आणि घरी गेले.

शाळा महिनाभर ओस पडली. पहिली परतली मनकर्णा. घरात तिला बापाला तुरुंगात घालणारी म्हणत होते. पाठीवर आईच्या लाटण्याचे वळ होते. मास्तर भिंतीवरचा दुसरा आकडा खरवडत बसले होते.

"पुसू नका," ती म्हणाली. "बाजूला 'वला दोर' असं लिवा."

मास्तरांनी लिहिलं. मग तीन बोटांच्या हातानं अंबाडी धरून ठेवली आणि ती पोरगी नवा दोर वळायला बसली.