पाच मुद्द्यांचं उत्तर

बाभुळगावच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. राज्यातला सर्वांत श्रीमंत आणि दाट वस्तीचा भाग कोणता, हा माझा आवडता धडा. फळ्यावर मुंबई-पुण्याचा पट्टा काढायचा आणि कारणांचे पाच मुद्दे लिहून द्यायचे: बंदर, रेल्वे, घाटातली धरणं, कारखाने, शिक्षण. मुद्दे पाठ नसले की माझा पारा चढायचा.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेले, आणि शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देईना. माझ्या धाकट्या भावाकडे वीस एकर काळी जमीन, विहिरीला पाणी, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचंही व्यसन नाही. तरी चार ठिकाणांहून नकार आला. "पोरगा पुण्याले असता तं पाह्यलं असतं," म्हणायचे. मला असा राग यायचा!

पाचवं स्थळ शेजारच्याच गावचं. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, वर्गात कायम पहिली. आता जमलंच, असं मी धरून चालले होते. ती पोहे घेऊन आली तेव्हा भाऊ एरवी कधी लाजत नाही तसा लाजला. तीही हसली. तिच्या वडिलांनी तर पंचांगही काढून ठेवलं होतं.

पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेल तर ना! तिची हुशारी भावाला दिसावी म्हणून मी श्रीमंत भागाचा तो प्रश्न विचारला. ती वर्गातल्यासारखी उभी राहिली आणि पाचही मुद्दे धडाधड बोलली. वर शेवटचं वाक्य, "म्हणून राज्यभरातून लोक तिकडे स्थलांतर करतात." मी खूश.

वडील ऐकत होते. म्हणाले, "अन आपल्या इकडं काहून नाही येत कोणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "कोरडवाहू शेती. कापूस आपला, गिरण्या दुसरीकडे. पिकलं तरी पैसा इथे राहत नाही." शब्द माझेच होते.

"मॅडम, हे तुमीच शिकवलं?"

"हो."

"मंग मी पोरगी इथं कशी देऊ, तुमीच सांगा," ते शांतपणे म्हणाले.

परतताना गाडीवर मी तिच्या वडिलांबद्दल वाट्टेल ते बोलले. भाऊ म्हणाला, "ताई, त्यायचं काय चुकलं? पोरीनं तं बरोबर सांगतलं."

अकरा वर्षं मी तो धडा शिकवत होते. ज्या भागात कोणी येत नाही म्हणून सांगायचे, तिथे माझा भाऊ राहतो, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.