बांधावरचे हिंगे

दाभोशाच्या देवरामला दोनच गोष्टी जिवापाड आवडत: आपला बैल काळ्या आणि दुसऱ्याची फजिती. काळ्याची मान तो तासन्‌तास खाजवत बसे. फजितीसाठी त्याला हिंगे पुरत.

खुरासणी फुलली की हे किडे उतरतात. काळं अंग, त्यावर नारिंगी पट्टे, आणि लग्नातल्या पाहुण्यासारखी सावकाश फुलं चापण्याची रीत. पळायची त्यांना गरजच नाही. चिमटीत धरलं की गुडघ्यांतून पिवळं तेल सोडतात, सकाळी कातडीवर टम्म फोड. यांच्यात नर मादीला देज, म्हणजे नवरीचं मोल, देतो तेही विषाचंच. ती ते अंड्यांना फासून मातीत पुरते. पिल्लं जन्मताच शेजारच्या टोळांची अंडी शोधून फस्त करतात. एकूण घराणं मोठं संस्कारी.

असा एक हिंगा देवरामने मेव्हण्याच्या, लक्ष्याच्या सदऱ्यात सोडला. लक्ष्या आठवडाभर पालथा झोपला. देवराम पाडाभर सांगत सुटला, "मेव्हणा धरतरीच्या पाया पडतोय!" लक्ष्याला रुसून परवडणारं नव्हतं. त्याचा एक बैल, देवरामचा एक, तेव्हा कुठे दोन घरांचा नांगर चाले.

यंदा हिंगे फार झाले. देवरामची बायको पुष्पा ते सुपात झाडून लांब खड्ड्यात पुरू लागली.

"मयताचा थाट कशाला गं?" म्हणत देवरामने झाडूने झोडपून ते बांधावरच पाडले.

"अरं, गवतात पडतात ना!"

"मेला हिंगा काय करील? मेलेली सासू बोलते का?"

पुष्पाची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पुष्पा सूप घेऊन घरी गेली.

वाघबारशीला गुरांचे लाड असतात. देवरामने बांधावरचं कोवळं गवत कापलं आणि काळ्याला हाताने भरवलं, घास घास.

दुसऱ्या दिवशी काळ्या स्वतःच्याच पोटावर लाथा झाडू लागला. जिभेवर फोड, लघवीत रक्त. घमेल्यात तोंड बुडवी, पण पाणी गिळवत नव्हतं. जव्हारहून जीपने गुरांचा डॉक्टर आला. त्याने उरलेलं गवत चाळवलं आणि वाळके हिंगे तळहातावर घेतले.

"किडा मरतो, विष मरत नाही. याला उतारा नाही."

"सुई तरी मारा, साहेब."

डॉक्टरने मारली, देवरामच्या समाधानासाठी. दिवस कलायच्या आत काळ्या गेला.

एवढं धूड अंगणातून ओढून न्यायला लक्ष्याने आपला बैल आणला. जू मानेवर येताच तो बैल सवयीने उजवीकडे सरकला आणि डावी बाजू सोडून उभा राहिला. लक्ष्याने हाकारलं, शेपूट पिरगाळली. बैल हलेना.

"दाजी," लक्ष्या म्हणाला, हसला मात्र नाही, "जोडीशिवाय तो चालत नाही."

देवराम उठला. त्याने डाव्या बाजूला जाऊन जुवाखाली खांदा दिला. मग बैल चालू लागला.