हात वर करणारा लवॉन

तोडणीआधी उसाचं शेत पेटवलं की आतले ससे धूम ठोकतात. ओकीचोबी तळ्याकाठची पोरं त्यांच्यामागे धावूनच चपळ होतात. लवॉन प्रुइट त्यांच्यातला सगळ्यांत किडकिडीत आणि सगळ्यांत हट्टी. आई ऑर्डेल हाका मारून थकायची, हा काही सशाचा नाद सोडायचा नाही.

त्या गावात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्याला एकच गोष्ट माफ नव्हती, ती म्हणजे हात वर करणं. समोरच्यांनी आभाळात लाथाडलेला चेंडू, म्हणजे पंट, खाली येत असतो. झेलणारा एकटा उभा असतो आणि दांडगे गडी त्याच्या अंगावर धावून येत असतात. त्याने डोक्यावर हात हलवला तर कुणी त्याला शिवायचं नाही, पण मग झेलल्यावर त्यालाही पळता येत नाही. नियमाने हे अगदी रास्त. लवॉनच्या गावात मात्र असा हात करणाऱ्याला वर्षभर छळायचे, "काय रे, बस थांबवत होतास?" लवॉनने जन्मात कधी हात वर केला नव्हता.

या ताठ्यापायी दोन व्यावसायिक संघांनी त्याला नारळ दिला. रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत पास झेलणारा, म्हणून तो ठेंगणाच, त्यामुळे पंट झेलून उलट धावण्यावरच त्याचं पोट. आणि चेंडू हातात यायच्या आत पळायची वाट शोधायला नजर खाली वळली, की चेंडू निसटायचा. तिसऱ्या संघाच्या ऑगस्टमधल्या शिबिरात तो आला, तेव्हा याच्यापुढे दार नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. जागा एक, आणि त्याच जागेवर डोळा असलेला राशॉड त्याच्याच खोलीत राहायचा. राशॉड वाऱ्यासारखा पळायचा. वर स्वभावाने चांगला, त्यामुळे धड रागही धरता येईना.

शिबिरातल्या शेवटच्या सामन्यात लवॉनच्या हातून पहिलाच पंट सुटला. कोच हॅलोरन म्हणाले, "बस जा."

तो बसला नाही. "कोच, पुढचा मला द्या."

"कशाला? तू चेंडू बघतोस कुठे? तू रस्ता बघतोस."

"बघत होतो. आता नाही बघणार."

"राशॉड तुझ्यापेक्षा जोरात पळतो."

"पळतो ना. मी झेलीन."

हॅलोरननी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता सुटला तर सामान बांधायचं."

पुढचा पंट वाऱ्यात हेलकावत आला. डावीकडे मोकळी जागा होती, ती लवॉनला न बघताही जाणवत होती आणि पाय शिवशिवत होते. पावलं जवळ आली. त्याने दात आवळले आणि हात वर केला. चेंडू छातीशी घट्ट बसला. प्रेक्षकांनी हुर्यो केली, बाकावर बसलेला राशॉड हसला. पुढच्या वेळी गडी जवळ दिसले तेव्हा लवॉनने पुन्हा तेच केलं.

मग राशॉड उतरला. एक पंट घेऊन त्याने अर्धं मैदान कापलं, लोक उभे राहिले. दुसरा त्याच्या हातून उडाला आणि नशिबाने त्याच्याच कुशीत पडला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. हॅलोरननी दिल्या नाहीत.

सामन्यानंतर लवॉनने घरी फोन लावला.

"सगळ्या गावाने टीव्हीवर बघितलं," ऑर्डेल म्हणाली. "तुझा मामेभाऊ दारात उभा राहून बस थांबवल्यासारखा हात करून दाखवतोय."

"मम्मा, चेंडू सुटला नाही, ते बघितलंस ना?"

"बघितलं. आधी लाज वाटली. मग बघितलं."

दुसऱ्या सकाळी ओर्विल नावाचा म्हातारा दारं ठोठावत फिरू लागला. संघात हा माणूस कुणालाच दिसायला नको असायचा. त्याचं वाक्य ठरलेलं होतं, "कोच बोलावतायत, डावांची वही घेऊन चल." वही परत घेतली की माणूस घरी. शेजारची खोली झाली आणि ओर्विल या दोघांच्या दारात आला.

"वही घेऊन चल," तो म्हणाला.

दोघंही उभे राहिले.

ओर्विलने खाली बघितलं. "लवॉन, तू बस."

लवॉन पलंगावर टेकला. राशॉड बराच वेळ वही शोधत राहिला. ती टेबलावरच होती.

"तू हात वर केलास तेव्हा मी हसलो होतो," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"तरी परत केलास?"

"मला घरी जायचं नव्हतं, राशॉड."

राशॉडने मान हलवली, वही काखेत मारली आणि तो ओर्विलच्या मागोमाग निघाला.