भोजन : नेहमीचे

नलिनी पोतनीस यांचे प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आले, तेव्हा त्यात टंकलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या त्यांनी पेन्सिलने दुरुस्त केल्या. चौथ्या ठिकाणी मात्र पेन्सिल अडली. ते वाक्य असे होते : 'गेल्या सात वर्षांत माझे पती श्रीधर पोतनीस यांना कोणीही पाहिलेले नाही, अथवा त्यांच्याविषयी काही ऐकलेले नाही.'

"यात कुठं चूक दिसतेय तुम्हाला?" श्यामरावांनी विचारले. हे धाकटे दीर केवळ या सहीसाठी साताऱ्याहून कलकत्त्याला आले होते.

"'कोणीही' हा शब्द. मी असं कुणाकुणाला विचारलंय, भावजी?"

"वहिनी, लायब्ररीतलं पुस्तक हरवलं, तर तेही सात वर्षं शोधता का हो?"

"शोधतो. 'गहाळ' आणि 'बाद' यांची रजिस्टरं वेगळी असतात आमच्याकडे."

श्यामराव हसले, पण ते हसू टिकले नाही. त्यांच्या आईला ब्याऐंशी वर्षे झाली होती आणि थोरल्याचे क्रियाकर्म आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, एवढी एकच गोष्ट ती आता मागत असे. बेपत्ता माणसासाठी शास्त्राप्रमाणे बारा वर्षे थांबावे लागते. मात्र कोर्टाने मृत ठरवले, तर आपण विधी करू, असे गुरुजींनी कबूल केले होते.

"अजून पाच वर्षं काही आई काढायची नाही," ते म्हणाले. "सोमवारी सात वर्षं भरतात. मंगळवारी वकिलाकडे जाऊ."

"म्हणजे रविवार आहे माझ्याकडे," नलिनीबाई म्हणाल्या.

त्यांचा जन्म भवानीपूरचा. वडील मराठी, पेशाने शिक्षक. बंगाली त्या शाळेत जाण्यापूर्वीच शिकल्या. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तालिकाकार म्हणून त्यांची वीस वर्षे गेली होती, आणि पाहिल्याखेरीज नोंद करायची नाही, हा तिथला नियम हळूहळू त्यांचा स्वभाव झाला होता. श्रीधरराव केंद्र सरकारच्या एका मोजणी खात्यात बदलून इकडे आले ते त्रेपन्न साली. हिवाळ्यातल्या दर रविवारी ते एकटेच दिवसभराच्या भटकंतीला जात. त्यासाठी एक वही होती. आदल्या संध्याकाळी डाव्या रकान्यात 'ठरलेली वेळ' लिहायची, परतल्यावर उजव्या रकान्यात 'प्रत्यक्ष वेळ'. निघताना ते दारातून विचारीत, "येतेस?" नलिनीबाई म्हणत, "पुढच्या रविवारी." हे सोळा हिवाळे चालले.

१९ जानेवारी १९६९ च्या पानावर डावा रकाना भरलेला होता आणि उजवा कोरा. बराकपूरच्या घाटावरच्या चहावाल्याने त्यांना होडीकडे उतरताना पाहिले होते. त्यापुढे काही नाही. नदीपलीकडे जिल्हा बदलतो. चौकशी पाण्यापाशीच थांबली, आणि कागदावर 'बहुधा बुडून' असे शब्द आले. पलीकडे स्वतः जाऊन विचारावे, असे नलिनीबाईंना दर हिवाळ्यात वाटे. दर हिवाळ्यात त्या स्वतःला तेच उत्तर देत : पुढच्या रविवारी.

रविवारी सकाळी त्यांनी हिरवी शाल पांघरली, वही पिशवीत टाकली आणि ट्रामने एस्प्लनेडला, तिथून सियालदाला गेल्या. वहीत आठ वीसची गाडी होती. सात वर्षांत वेळापत्रक बदलले होते. आता ती आठ दहाला होती. धुक्यामुळे दहा मिनिटे उशिरा सुटली. नलिनीबाईंनी त्या कोऱ्या उजव्या रकान्यात आठ वीस लिहिले आणि योगायोग म्हणून सोडून दिले. बराकपूरला गाडी नऊ पाचला पोचली. तेही जुळले. मग जुन्या छावणीतल्या वडांखालून नदीकडे जाताना त्या मुद्दाम रेंगाळल्या, एका बाकावर बसल्या, कारण नसताना दोनदा मागे वळल्या. तरी बारा वाजता, डाव्या रकान्यात लिहिले होते त्याच वेळी, त्या चहावाल्यासमोर उभ्या होत्या.

तो म्हातारा झाला होता. त्याने नाव विचारले नाही, शालीकडे पाहिले.

"दादा सापडले का?"

"तुम्ही मला ओळखता?"

"त्या दिवशी त्यांच्या मागून तुम्हीच उतरलात ना घाटावर? पोलिसांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, बाईमाणसाला कशाला मध्ये आणतोस, घरच्यांची अब्रू जाईल. मग लिहिलंच नाही."

"मी नव्हते. मी इथे आज पहिल्यांदा येते आहे."

"हीच शाल होती," तो शांतपणे म्हणाला. "खांद्यावर अशीच पांढरी शिवण. मनात आलं, इतकी चांगली शाल, आणि बाईंना हिरवा दोरा मिळू नये?"

दारावर येणाऱ्या काश्मिरी शालवाल्याकडून नलिनीबाईंनी ती शाल दोन वर्षांपूर्वी घेतली होती. खांद्याशी ती फाटली मागच्या आठवड्यात. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून त्यांनी पांढऱ्याने शिवली, ती गुरुवारी. त्या चहा न संपवताच उठल्या. म्हातारा माणूस आज पाहिलेले जुन्या आठवणीला जोडतो, असे त्यांनी स्वतःला समजावले. हे समजावणे होडी मध्यावर येईपर्यंत पुरले. मग दुसराच विचार आला, आणि तो अधिक साधा होता. हिरवी शाल ही काही एकट्या त्यांची मिरास नव्हती. त्या रविवारी श्रीधररावांच्या मागे एक बाई होती. कदाचित प्रत्येक रविवारी असेल.

पलीकडच्या तीरावर, श्रीरामपूरला, वहीतला क्रम त्यांनी सोडला नाही. डेन्मार्कहून आलेल्या लोकांचे जुने चर्च पाहिले. त्यांच्या दफनभूमीत शेवाळलेल्या अक्षरांवर बोट फिरवून दोन सनावळी वाचल्या. सगळीकडे लक्ष होते ते पुढच्या ओळीवर : '२.३० – भोजन : नेहमीचे.' जवळजवळ प्रत्येक पानावर ही ओळ होती. नेहमीचे म्हणजे काय, हे त्यांनी सोळा वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

वहीत केबिनचा, म्हणजे तिथल्या छोट्या उपाहारगृहाचा, पत्ता होता : कचेरीजवळ, निळे दार. आत संगमरवरी माथ्याची सहा टेबले, आणि मोतीबिंदू झालेला, हरिपद नावाचा वाढपी. नलिनीबाई कोपऱ्यात बसल्या आणि बंगालीत म्हणाल्या, "पोतनीसबाबू इथे येत असत. ते नेहमी काय घेत?"

हरिपद आत गेला आणि काही वेळाने दोन बशा घेऊन आला. एक त्याने रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली : अंड्याच्या जाळीत तळलेले कोंबडीचे कोबिराजी कटलेट. घरात अंड्याचे टरफल येऊ न देणारे श्रीधरराव! नलिनीबाईंना भर केबिनमध्ये हसू फुटले. दुसरी बशी त्यांच्यापुढे आली : बिटाचे तळलेले चॉप.

"निरामिष आहे," हरिपद म्हणाला. "अंडं नाही, कांदा नाही. बाबूंनी सांगून ठेवलेलं."

नलिनीबाईंचे हसू थांबले. "त्यांच्याबरोबर कोण असे?"

"कुणी नाही. बशा मात्र दोन. 'मागून येते आहे' म्हणायचे. दुसरी बशी तशीच परत जायची. आम्ही आपसात चेष्टा करायचो, बाबूंची बायको मालगाडीनं निघालेली दिसते." तो ओशाळून थांबला. "शेवटच्या वेळी मात्र फार खुशीत होते. म्हणाले, 'हरिपद, आज खरंच आली रे. मागच्या होडीत होती, हिरव्या शालीत. गरम आण.' इथे बसून दाराकडे बघत राहिले. तुम्ही आला नाहीत. मग तीन चाळीसला उठले."

"कुठे गेले?"

"तुम्हाला शोधायला. घाटावर."

नलिनीबाईंनी घड्याळ पाहिले. तीन चाळीस झाले होते. बिटाचे चॉप त्यांनी संपवले, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. नंतर घाटाकडे जाताना मात्र त्या पळाल्या.

होडी सुटून गेली होती. नदीच्या मध्यावर, टोकाशी एक माणूस पाठमोरा उभा होता, श्रीधररावांसारखीच तपकिरी माकडटोपी घातलेला. हिवाळ्यात त्या शहरातला दर दुसरा पुरुष तशी टोपी घालतो. तो पलीकडच्या तीराकडे एकटक पाहत होता, ज्याचे माणूस तिथे राहून गेले आहे असा. नलिनीबाईंनी शाल काढून हातभर उंच हलवली. हाक मारायला तोंड उघडले आणि ध्यानात आले की सोळा वर्षांत त्यांनी नवऱ्याला नावाने कधी पुकारलेच नव्हते. तो वळला नाही. धुक्याने आधी होडी झाकली, मग तीर.

उजव्या रकान्यात त्यांनी लिहिले : '४.०५. होडीत एक प्रवासी, पाठमोरा. ओळख पटली नाही.' मग 'पटली नाही' खोडले, आणि पुढे काहीच लिहिले नाही.

मंगळवारी सही झाली नाही.

"म्हणजे दादाला पाहिलंत तुम्ही?" श्यामरावांचा आवाज चढला.

"पाहिलं असं शपथेवर सांगता येणार नाही."

"मग करा की सही!"

"पाहिलं नाही, असंही सांगता येणार नाही, भावजी."

"आईला काय सांगू मी?"

"सांगा, वहिनी पाच वर्षं मागते आहे."

"आणि आईकडे ती नाहीत, हे ठाऊक असून?"

श्यामराव त्याच दिवशी परतले. चैत्रात तार आली. सासूबाई गेल्या होत्या, थोरल्याच्या तिलांजलीवाचून. नलिनीबाईंनी ती तार वहीत, त्याच पानाशी ठेवली. ती आपल्या हातून झालेली गोष्ट आहे, हे त्या कुणापाशीही नाकारीत नसत.

पण ते पुढचे. त्या मंगळवारनंतरच्या रविवारसाठी त्यांनी शनिवारीच डावा रकाना भरून ठेवला होता, स्वतःच्या अक्षरात. प्रत्येक वेळ एक तासाने अलीकडची. शाल तीच घेतली. दारात क्षणभर थांबल्या आणि मागे, रिकाम्या खोलीकडे पाहून म्हणाल्या, "निघते हं. या."

दीड वाजता त्या केबिनच्या कोपऱ्यात होत्या, दाराकडे तोंड करून.

"आज एकट्याच?" हरिपदने विचारले.

"नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "दोन आण. मागून येताहेत."