आत्याच्या दुखण्याचा आकडा

मालूआत्या गेली त्याला आज सहा आठवडे झाले. गुरुवारची सकाळ होती. खोलीत आम्ही पाच जण होतो: तिचा मुलगा नितीन, सून, शेजारच्या दोघी आणि मी. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय एकोणऐंशी. एवढी नोंद आधीच करून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आकड्यांचा घोळ आहे, आणि तो आत्यानेच घातलेला आहे.

डहाणूला किनाऱ्याजवळ तिची चिकूची वाडी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वाडी तिनेच सांभाळली. उतरवलेले चिकू धुवायचे, निवडायचे, भरायचे, ते सगळं उकिडवं बसून. गुडघे त्यात गेले. माझी आई गेल्यावर दहावीपर्यंत मी तिच्याच घरी होतो, त्यामुळे तिचं उठताना भिंतीला हात लावणं मी फार जवळून पाहिलेलं. पुढे मी कोसबाडला एका संस्थेच्या कार्यालयात लागलो. काही वर्षांपूर्वी तलासरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात गुडघेदुखीवर ॲक्युपंक्चरचा अभ्यास सुरू झाला. रुग्णांना प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्यायला दर शनिवारी येणारा माणूस त्यांना हवा होता. तो मी झालो.

अभ्यासाची रीत अशी. निम्म्या रुग्णांना खरी सुई, निम्म्यांना खोटी. खोटीचं टोक बोथट असतं. कातडीला टेकली की ती स्वतःच्याच मुठीत मागे सरकते, जत्रेतल्या नाटकातल्या सुऱ्यासारखी. बघणाऱ्याला वाटतं, आत गेली. दोन्ही सुया कातडीवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कड्यातून लावत, म्हणजे वरून फरक कळू नये. अशा दोन प्रकारच्या सुया आहेत हे सगळ्यांना आधी समजावून सांगितलं होतं. आपल्याला कोणती, हे मात्र शेवटपर्यंत सांगायचं नाही. सुया लावणाऱ्या डॉक्टर मीनल यांना ते माहीत असे. रुग्णाला नाही आणि मलाही नाही. मला कळलं तर माझ्या विचारण्यातच फरक पडेल, म्हणून.

आत्याने नाव दिलं तेव्हा मी डॉक्टरांना आधीच सांगितलं की ही माझी आत्या. त्यांनी तशी नोंद फाइलवर केली. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती?"

"नितीनच्या वेळचं बाळंतपण दहा धरलं तर सात," आत्या म्हणाली.

सहा आठवडे ती आठवड्यातून दोनदा इको गाडीने तलासरीला गेली. वाटेत तिच्यासारख्याच सुया घेणाऱ्या चौघी चढायच्या. शेवटच्या दिवशी मी पुन्हा विचारलं तेव्हा तिने तीन सांगितले. मग शेवटचा प्रश्न: तुम्हाला कोणती सुई मिळाली असं वाटतं? "खरी," ती म्हणाली. हा प्रश्न साधा दिसतो, पण सगळा अभ्यास त्याच्यावर उभा असतो. खोटी सुई रुग्णांनी ओळखली, तर दोन गटांची तुलनाच कोसळते. त्या दिवशी पाचही जणी "खरी" म्हणाल्या. मला समाधान वाटलं... कागद अगदी स्वच्छ होते.

पंधरा दिवसांनी मी वाडीवर गेलो होतो. आत्या चिकू निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, तुझ्या नशिबाने खरी सुई मिळाली बघ.

"कसली खरी? नुसती टेकत होती."

तिने हात पुढे केला. कोपराखाली तुळशीवृंदावन गोंदलेलं. "बाराव्या वर्षी बसले होते मी गोंदायला. सुई आत गेली की काय होतं, ते तू मला शिकवणार?"

"मग खरी का म्हणालीस?"

"एवढ्या लांबून आलेली पोर ती. गुडघ्यावर हात ठेवून 'आजी, दुखतंय का' विचारते. तिला तोंडावर खोटी म्हणू? जानूबाई गाडीत म्हणायला लागली, मला काही टोचतच नाही. मी म्हटलं, बाय, गप बस. खरी म्हण. पोरीची नोकरी जाईल."

मी हातातला चिकू खाली ठेवला. या भागात कोणी ॲक्युपंक्चर घेतलेलं नाही, म्हणून खऱ्या सुईचा स्पर्श कोणाला ठाऊक नसणार, असा विचार करून हा तालुका निवडला होता. गोंदणाचा विचार कोणीच केला नव्हता. मीसुद्धा नाही, आणि मी तर तो गोंदलेला हात बघत वाढलो.

"आत्या, हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांगितलंस तर या पायरीवर येऊ नकोस. चारचौघींत मला खोटारडी ठरवणार तू?"

तीन दिवस मी विचार केला. एकीकडे माझ्या हातचे चुकीचे कागद, दुसरीकडे जिने मला भरवलं तिचा शब्द. शनिवारी मी डॉक्टर मीनलना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी नोकरी जाईल म्हणून?... आणि मला वाटत होतं, माझा हात सफाईदार आहे." त्यांनी ते जसंच्या तसं, नाव न घालता अहवालात लिहिलं. निष्कर्ष काय निघाला ते मी इथे सांगत नाही. तो अभ्यास माझा नाही.

आत्या दोन महिने माझ्याशी बोलली नाही. फोन सून उचलायची आणि मागून आवाज यायचा, "मी झोपलेय म्हणून सांग."

अभ्यास संपल्यावर खोटी सुई मिळालेल्यांना खरी द्यायची, असं आधीच कबूल केलेलं होतं. त्यासाठी डॉक्टर मीनल स्वतः वाडीवर आल्या आणि मलाही बरोबर घेऊन आल्या. आत्याने माझ्याकडे न बघता त्यांना पाट दिला.

"आजी, तुमच्यामुळे माझी नोकरी नाही गेली. उलट एक गोष्ट शिकले."

"मग आता खरी देणार?"

"देणार."

"नको. ती आधीचीच दे. तुझा हात गुडघ्यावर असतो, तेवढा पुरे."

डॉक्टर हसल्या, पण ऐकलं नाही. खऱ्या सुयांसाठी मीच आत्याला स्कूटरवरून नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी परत येताना माझ्या पाठीमागून ती म्हणाली, "हेमू, ते सात खरे होते बरं का."

"आणि तीन?"

"पाच होते. दोन मी मीनलला दिले."

अभ्यासाचे कागद केव्हाच बंद झाले होते. तरी मी हे डॉक्टरांना कळवलं, आणि कळवणार हे आत्याला आधी सांगितलं. "कळव," ती म्हणाली. "तुला नाहीतर झोप नाही लागायची."

या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवायला सांगितलं. शेवटच्या आठवड्यात सकाळी नर्स यायची. तिचाही प्रश्न तोच, शून्य ते दहा. एका सकाळी आत्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी नितीन आणि सून.

"दोन," आत्या म्हणाली. नर्सने दोन लिहिले. नितीनचा चेहरा जरा सैल झाला.

सगळे बाहेर गेल्यावर मी कॉटच्या कडेला बसलो. तिने चादरीची कड मुठीत धरली होती. मी विचारलं, "आत्या, कोणाकोणाला किती दिलेस?"

ती डोळे मिटूनच होती. मला वाटलं, ऐकलं नसावं. मग म्हणाली, "नितीनला चार." थोड्या वेळाने, "सुनेला दोन... ती फार रडते रे."

मी बाहेर अंगणात गेलो आणि नर्सला सांगितलं, आठ लिहा. नितीन माझ्याकडे बघत राहिला. नर्सने डॉक्टरांना फोन लावला, औषध वाढवलं. दुपारभर आत्याला झोप लागली. चादर मुठीतून सुटली.

संध्याकाळी जागी झाली तेव्हा मी तिथेच होतो. विचारलं.

"तीन."

"कोणाला काही दिलंस?"

तिने मान हलवली. नाही.