बाजेवरची सून

वंदनाचं वय पस्तीस, गाल भरलेले, रंग तजेलदार. आजारी दिसणं तिला काही जमलं नाही, हाच काय तो तिचा गुन्हा. धाकट्या लेकीच्या बाळंतपणानंतर तिचं हृदय कमजोर झालं ते झालंच. सासू शालूबाईला म्हातारपणी तोच आजार जडलेला. दोघी एकाच एसटीने खामगावच्या दवाखान्यात जात, लघवीची तीच गोळी घेत. पण वडनेर भोलजी गावात कळवळा फक्त सासूचा. वंदना घटकाभर टेकली की शेजारणींच्या भुवया चढल्याच!

मग एकदा डॉक्टरांनी दोघींना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. सत्तरी ओलांडलेली शालूबाई उठली. वंदना अर्ध्यातूनच मटकन खाली बसली. घरी येताच शालूबाईने अंगणातली आपली बाज सुनेला देऊन टाकली.

सासू खाली आणि सून बाजेवर, हे कोणाच्या पचनी पडणार? वडीलधारा माणूस आला की सुनेने बाजेवरून उठायचं, पदर घेऊन पाया पडायचं, ही रीत. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी वंदना आजवर उठत आली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलतसासरे भगवानराव जेवायला आले. शालूबाई चुलीशी बसून खापरावर मांडे टाकत होती, वंदना बाजेवर पुरणाचे गोळे करत होती. आज उठायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. तिने पदर घेतला, हात जोडले आणि बसून राहिली.

"काऊन वो वहिनी, सून बाजेवर अन् तुमी खाली?"

"तिले बरं नाही, भाऊजी."

"बरं त तुमाले बी नाही. तरी तुमी म्हाताऱ्या काम करूनच राह्यल्या ना!"

"दवाखान्यात मी उठली, ते नाही उठली!" शालूबाई कडाडली.

वंदनाला संताप आला. आपली बाजू म्हातारीने किती दिवस लढवायची?

"मामाजी, मले तुमच्या पाया पडाचंच हाय. पन माह्यानं उठनं होत नाही. तुमीच दोन पावलं इकडे या."

दारात उभ्या गणेशचा, तिच्या नवऱ्याचा, चेहरा पांढरा पडला. भगवानराव पुटपुटत बाजेजवळ आले. वंदनाने हात पुसले, बसल्या जागेवरून वाकून त्यांच्या पायांना लावले.

"शंभर वर्सं जग, पोरी," ते सवयीने बोलून गेले.

"त्याच्याचसाठी बसली हाय, मामाजी."